गोधड्यांच्या खोलीतला बँड

१

रोज दुपारचं जेवण झालं की आनंदा बँडवाला ट्रंक उघडायचा आणि तिघांना शिव्या घालायचा. आधी भैरूला, मग कोंडाजीला, आणि शेवटी जरा दम खाऊन स्वतःच्या सख्ख्या भावाला, ज्ञानदेवला. शिव्या देता देता तो ट्रंकेतले तीन माउथपीस एकेक करून बाहेर काढायचा, चिंच लावून घासायचा, फडक्यानं पुसायचा आणि परत ठेवून द्यायचा. मागच्या दारी भांडी घासत बसलेली त्याची बायको रत्नाबाई हे सगळं ऐकायची. "द्या द्या," म्हणायची, "तेवढंच पोटातलं अन्न पचंल."

आनंदाच्या बँडाची रीतच होती. वाद्यं मालकाची, पण लग्नसराईत ती ज्याच्या त्याच्या घरी राहिली तरी चालायचं. माउथपीस मात्र वरात संपली की मालकाच्या ट्रंकेत जमा. तोंडाला लावायचा एवढासा तुकडाच नसला तर कुणी दारू पिऊन कुणाच्या दारात वाजवणार नाही आणि दुसऱ्या बँडात परस्पर पळणारही नाही, असा त्याचा हिशेब. तो हिशेब माघात फसला. तिघांनी वाद्यं ओसरीवर आणून टाकली, माउथपीस मागितलेसुद्धा नाहीत आणि सरळ पुण्याच्या एका मोठ्या बँडात जाऊन उभे राहिले. तिथं नवे मिळाले.

कारण तसं एका थपडेचं. पौडला वरात होती. आनंदाच्या बँडात श्वास घ्यायचा तो मालकानं उजवं कोपर उचललं की, चौघांनी एकदम. हे त्याला पुण्याच्या कॅम्पात कुलासो मास्तरनं शिकवलेलं. क्लबात साहेबलोकांच्या नाचाला जॅझ वाजवणारा तो म्हातारा, ऐन विशीतला आनंदा त्याच्या हाताखाली सेकंड ट्रम्पेट वाजवायचा. मास्तर सांगायचा, सूर काय कुणीही लावील, चार माणसं एका वेळी छाती भरतात तेव्हा बँड वाजतो. तर त्या वरातीत ज्ञानदेवनं ओळीच्या मधेच श्वास घेतला. आनंदानं वरात थांबवली आणि नवऱ्यामुलाच्या घोड्यासमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला.

"श्वास तुझा न्हाई, माझा हाय," तो ओरडला होता. "मी सांगीन तवाच घ्यायचा!"

सव्वीस वर्षांच्या, बायको असलेल्या माणसाला. शंभर माणसांत.

आनंदाच्या मते यात काहीच चूक नव्हती. लहानपणी ज्ञानदेवची छाती सारखी कफानं भरायची. आई गेलेली. आठ वर्षांच्या त्या काडीपैलवानाच्या तोंडाला आनंदानं ट्रम्पेट लावलं, ते फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून. पोरानं लांब सूर धरायचा, हवा संपली की रिकाम्या छातीनं तसंच उभं राहायचं आणि दादाचं कोपर उठेपर्यंत श्वास घ्यायचा नाही. पोरगं लालबुंद व्हायचं. उरल्यासुरल्या हवेवर कुजबुजायचं, "दादा, घेऊ का?" आनंदा म्हणायचा, "थांब." अशानंच पोरगं जगलं, तालुक्यात नाव काढण्यासारखं वाजवायला लागलं. आणि आता तेच पोरगं पाठ फिरवून गेलं होतं. आनंदाचा नुसता तिळपापड होत होता.

२

त्यात पुण्याच्या कॅसेटवाल्या शेठनं तेल ओतलं. जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाण्यांची कॅसेट तो काढणार होता आणि आनंदाच्या मनात होतं की या वेळी गाण्यांना कुलासो मास्तरच्या थाटाचे फुंकवाद्यांचे हॉर्न द्यायचे, सगळे एकदम उसळणारे, झुलणारे. शेठनं ऐकून घेतलं आणि टेबलावरचं नवं कोरं यंत्र पुढं ओढलं.

"बँड कशाला आता? हा कीबोर्ड बघा. एक बटण दाबलं की चार ट्रम्पेट."

त्यानं दाबलं. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी सापडावी तसा आवाज आला. आनंदा ऐकत राहिला, सूर संपेना.

"ह्यो श्वास कुटं घेतुया?" त्यानं विचारलं.

"श्वास कशाला लागतो त्याला?"

आनंदाच्या डोक्यात सणक गेली. "शेठ, होळीच्या आत माझ्या बँडाची टेप आणून देतो. ती ऐका, मग ह्ये डबडं माळ्यावर टाका." शेठ हसला आणि म्हणाला, पटलं तर तुमच्याच बँडाचं नाव छापतो कॅसेटवर. बँड फुटलाय हे आनंदानं त्याला सांगितलं नाही. परतीच्या एस.टी.त ठरवून टाकलं की त्या तिघांवाचून काही अडत नाही. चारही वाद्यं आपल्याला येतात. चौघांचं आपण एकटेच वाजवायचं.

घरी आल्यावर त्यानं मधली खोली रिकामी केली, एक खाट तेवढी राहू दिली. भिंतीवरचे फोटो उतरवून नीट फळीवर ठेवले आणि घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या भिंतींना, दाराला, खिडकीला ठोकल्या, म्हणजे बाहेरच्या कोंबड्या आणि एस.टी.चा भोंगा टेपमध्ये यायला नको. खिडकीच्या गोधडीला तर त्यानं चुका इतक्या जवळजवळ मारल्या की वाऱ्याची झुळूकही आत येऊ नये. "पांघरायचं काय मग, तुमचा राग?" रत्नाबाईनं विचारलं.

त्याच्याकडं एक टेपरेकॉर्डर होता, दुसरा त्यानं मागून आणला. पहिल्यावर स्वतःचं सेकंड ट्रम्पेट भरलं. मग तो चालू करून त्याच्यासोबत दुसरं वाद्य वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर भरायचं. असे थरावर थर. दुपारीच भरायचं, कारण संध्याकाळी घराघरांत बल्ब लागले की वीज मंदावायची, टेप जड चालायची आणि सगळं वाजवलेलं सुरातून खाली उतरायचं. आमच्या गावच्या धरणाच्या विजेवर अख्खी मुंबई झगमगते आणि आमचा बल्ब लालबुंद होऊन बसतो, म्हणून आनंदा धरणाच्या दिशेनं तोंड करून वेगळ्या शिव्या द्यायचा.

पण जमेना. त्यानं घरातले जुने, कुणाचेच नसलेले माउथपीस लावून ट्रॉम्बोन कोपऱ्यात तोंड करून वाजवला, सॅक्सोफोन तांब्याच्या हंड्यापाशी उभं राहून वाजवला, ट्रम्पेटच्या तोंडावर करवंटी धरून, काढून पाहिली. मुद्दाम अर्धा क्षण मागं राहून पाहिलं. ऐकलं की एकच माणूस चार वेळा वाजवतोय हे लगेच कळायचं. शेठच्या डबड्यात आणि यात फार फरक नव्हता, आणि हे त्याचं त्यालाच कळत होतं. त्यानं हंड्याला लाथ घातली. अंगठा ठेचकाळला तो निराळाच.

३

ट्रंकेतले माउथपीस लावून पाहायचं त्याला ते घासतानाच सुचलं. हातात भैरूचा होता, ट्रॉम्बोनचा. भैरूच्या ओठांनी त्याची कड एका बाजूनं झिजली होती. दुसऱ्याचा माउथपीस कुणी तोंडाला लावत नाही. उष्ट्याचा प्रश्न नाही, ती गोष्ट बँडवाल्यांत होतच नाही. दुसऱ्याचा कंगवा वापरतील, बिडी ओढतील, माउथपीस नाही. का, ते कुलासो मास्तरनंही कधी सांगितलं नव्हतं.

"गेला उडत," आनंदा म्हणाला आणि तो ट्रॉम्बोनला लावला.

त्यानं भैरूसारखं पोट पुढं काढलं. भैरू उभा राहायचा तसा उजव्या भिंतीला, जरा वाकडा उभा राहिला. यंत्र चालू केलं, कोपर उचललं, श्वास घेतला. आणि सूर निघाला तो भैरूचा. तसाच जाड, तसाच शेवटाला लोंबणारा. आनंदाला वाजवता वाजवताच हसू फुटलं. "बघ रं भैऱ्या! तुझ्याबिगर तू वाजिवलास!"

मग तो ऐकायला बसला. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. बँड तयार होत होता यात शंका नव्हती, खोलीत दोन माणसं होती. पण तिसऱ्यांदा ऐकताना त्यानं यंत्र थांबवलं, थोडं मागं घेतलं.

सूर सुरू होण्याआधी श्वास घेतल्याचा आवाज होता. तो असायलाच हवा होता, त्याशिवाय हॉर्न खरे वाटत नाहीत, म्हणून आनंदानं तो मुद्दाम ठेवला होता. पण या श्वासाला शीळ होती. बारीक, दातांच्या फटीतून येते तशी.

भैरूचा पुढचा दात पडलेला होता. आनंदाचे सगळे दात शाबूत होते.

त्यानं तोंड उघडून तसा श्वास घेऊन पाहिला. डाव्या गालानं, उजव्या गालानं. शीळ काही येईना. माउथपीसच्या झिजलेल्या कडेतून हवा गेली असेल, त्यानं स्वतःला समजावलं, आणि ते पटण्यासारखं होतंही. फक्त श्वास घेताना माउथपीस तोंडाला लागलेला नव्हता, ही गोष्ट त्यानं मनातच दाबली. उठला तेव्हा त्याला दम लागला होता. स्वतःचं ट्रम्पेट भरल्यापासून विहिरीवरून कळशी आणतानासुद्धा लागत होता. वय झालं, आणि या हरामखोरांनी रक्त आटवलं, दुसरं काय.

४

भैरू वाजवत नाही ही बातमी रत्नाबाईनं आणली. भैरू नेऱ्याला आपल्या घरी परत आला होता. फुंकतो म्हणे, ओठही हलतात, पण वाद्यातून आवाजच निघत नाही. नव्या मालकानं दोन वराती वाट पाहिली आणि घरी पाठवून दिला.

"बरं झालं," आनंदा म्हणाला. त्याला खरोखरच बरं वाटलं. पोटातून गार वाटलं. त्या दुपारी त्यानं कोंडाजीचा माउथपीस काढला.

कोंडाजी वयानं मोठा, शांत माणूस. सॅक्सोफोन वाजवताना ताल धरायला डाव्या पायाची टाच आपटायचा, आणि त्याच्या चपलेला नाल ठोकलेला. आनंदानं त्याच्यासारखे डोळे मिटले, मान तिरकी केली, डाव्या भिंतीला उभा राहिला. त्यानं आधीच सगळ्या चपला ओसरीवर काढून ठेवल्या होत्या, म्हणजे खटखट यायला नको. सूर काय उतरला! लोण्यासारखा. तीन हॉर्न एकदम उसळले तेव्हा आनंदाच्या अंगावर काटा आला, आणि एवढ्या वर्षांनी त्याला कॅम्पातला तो लाकडी फरशीचा क्लब दिसला.

टेप ऐकताना खालून ठक, ठक, ठक आलं. नालाचं लोखंड जमिनीवर.

शेजारी कुणी काहीतरी ठोकत असेल. पण शेजारचे सगळे शेतावर होते, आणि ठोका बरोबर तालात होता. यंत्रातला पट्टा लागत असेल. आनंदानं यंत्र उघडलं, पट्टा पाहिला, पुसला, बंद केलं. परत लावलं. ठक, ठक.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाबाई खोली सारवायला गेली आणि तिथूनच कडाडली.

"कोन आलं हुतं हितं चपला घालून? परवाच सारिवलंय म्या! ह्या भिताडापाशी बगा, निस्ते खड्डे पडल्यात!"

डाव्या भिंतीपाशी जमिनीवर अर्धगोल खुणा होत्या, एकाच जागी, एकीवर एक. आनंदानं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "म्याच आलतो." कशाला खोटं बोललो, हे त्याला कळलं नाही. रत्नाबाईनं त्याच्या पायांकडं पाहिलं. मग खुणांवर शेण ओढलं.

५

रत्नाबाई गप्प बसणारी बाई नव्हती. ती पुण्याहून परत आलेल्या कोंडाजीच्या घरी जाऊन आली. आली ती चुलीकडं न जाता थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"कोंडाजीभावजी निजून हायेत. बोलत्यात, च्या पित्यात. पर छाती हालत न्हाई त्यांची. म्या हात लावून बगितला. डाक्तर म्हनला अशक्तपना. कसला डोंबलाचा अशक्तपना?"

"मग मी काय करू?"

"तुमी काय करताय त्येच इचारतीया मी! भैरूभावजी, मग कोंडाजीभावजी. आता कुनाची पाळी, सांगू?"

"खुळी हायेस का? टेप हाय ती. आवाज भरतोय मी. आवाजानं कुनाची छाती थांबती?"

हे तो बोलला ते पूर्ण शुद्धीवर होता. त्यानं विचारही केला होता. उन्हाळा लागतोय, साथ असेल. पुण्याची हवा. कुणाचं काहीही होतं आणि माणसं दुसऱ्याच्या दारात आणून टाकतात. सगळं बरोबर जुळत होतं. फक्त भैरूच्या श्वासातली शीळ त्यात कुठं बसत नव्हती.

"ज्ञानदेवभावजींचं भरू नगा," रत्नाबाई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "त्येंची छाती तुमीच केलीया. तुमच्या हातानं. तीन हॉर्नांत भागवा."

"लीड ट्रम्पेटाबिगर बँड?" आनंदा उसळला. "मान कापून धड मिरवायचं व्हय? जा, भाकरी टाक."

ती गेली. भाकऱ्या थापताना तिनं परात इतकी आपटली की शेजारची म्हातारी विचारायला आली, काय पडलं.

६

होळी तोंडावर आली तेव्हा एका दुपारी ज्ञानदेव स्वतःच आला. ओसरीच्या पायरीवर उभा राहिला, वर चढला नाही. जरा उतरला होता, पण छाती भरलेली होती, खांदे मागं होते. आनंदाला पहिल्यांदा तेच दिसलं, आणि क्षणभर बरंही वाटलं.

"वैनीनं सांगावा धाडला हुता," ज्ञानदेव म्हणाला. "माजं माउथपीस दे, दादा."

"नवं मिळालंय न्हवं?"

"मिळालंय. त्ये माजं हाय. मला पायजे."

"तुजं?" आनंदाचा आवाज चढला. "कुलासो मास्तरनं मला दिल्यालं त्ये. म्या तुज्या तोंडाला लावलं, म्हनून तू आज हुबा हायेस! न्हाईतर कवाच मातीत गेला असतास!"

"ठावं हाय. बारक्यापनापास्नं ऐकतुया." ज्ञानदेव शांतच होता, आणि त्यामुळं आनंदा जास्त पेटत होता. "भैरूदादा रडत हुता, दादा. एवढा बाप्या मानूस. मला भ्या वाटतंय. दे आन मिटव."

रत्नाबाई दारात येऊन उभी होती. ट्रंक चार पावलांवर होती. उठायचं, झाकण उघडायचं, तो पितळी तुकडा भावाच्या हातावर ठेवायचा, एवढंच काम होतं. आनंदा अर्धा उठलाही.

"माफी माग," तो म्हणाला. "मग देतो."

ज्ञानदेवचा चेहरा त्या वरातीतल्यासारखा झाला. "माफी तू मागायची, दादा. लोकांम्होरं मारलंस. अनुसया हुती तितं. माजी बायकू बगत हुती."

"मग चालायला लाग!"

ज्ञानदेव वळला. रत्नाबाई त्याच्यामागं धावली, "भावजी, पानी तरी घ्या," पण तो एस.टी. स्टँडच्या रस्त्याला लागला होता. आनंदानं ट्रंक उघडली. तो खोलीत शिरला, दाराची गोधडी खाली सोडली, बल्ब लावला, यंत्रं लावली आणि भावाचा माउथपीस ट्रम्पेटला बसवला.

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, खांदे मागं टाकून, हनुवटी जरा वर. लहानपणी त्यानंच शिकवलेलं होतं ते उभं राहणं. कोपर उचललं.

असं ट्रम्पेट तो आयुष्यात कधी वाजवू शकला नव्हता. ओळीच्या ओळी वर चढत गेल्या, पुढं भाऊ आणि मागं तिघं, अख्खा कॅम्पातला बँड. शेवटचा लांब सूर त्यानं धरला तो धरलाच. टेप भरली. त्यानं यंत्र थांबवलं, मागं घेतलं आणि चालू करून ऐकू लागला. डोळ्यांत पाणी आलं होतं. "बघ म्हनावं," तो पुटपुटत होता, "बघ म्हनावं शेठला."

बाहेर माणसांचा गलका झाला.

७

ज्ञानदेव स्टँडवर पोचण्याआधीच रस्त्यात बसला होता आणि मग आडवा झाला होता. दोघांनी त्याला उचलून आणलं आणि जी पहिली खाट दिसली तिच्यावर, मधल्या खोलीत, ठेवलं. टेप चालूच होती. रत्नाबाईनं आनंदाकडं एकदाच पाहिलं. मग ती त्या दोघांना घेऊन जीप बघायला पळाली, पौडला दवाखान्यात न्यायला. तिच्यामागं दाराची गोधडी परत खाली पडली.

ज्ञानदेवचे डोळे उघडे होते. छाती खालीवर होत होती, व्यवस्थित, संथ. आनंदाच्या जीवात जीव आला. चक्कर आली असेल, ऊन लागलं असेल. काय झालंय ते नीट ऐकावं म्हणून त्यानं यंत्र बंद केलं.

छाती थांबली.

त्यानं भावाचा खांदा हलवला. "ज्ञाना. ए ज्ञाना." ज्ञानदेव त्याच्याकडं बघत होता, ओठ निळे पडत चालले होते. आनंदानं झडप घालून बटण दाबलं. टेपमधून श्वास आला, चौघांचा, एकदम. खाटेवरची छाती भरली.

आता समजावण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि आनंदानं तसा प्रयत्नही केला नाही. तो यंत्रासमोर उकिडवा बसला. टेप संपत आली की झटक्यात मागं घ्यायची आणि परत लावायची. मागं घेताना भाऊ तडफडायचा, परत लावली की शांत व्हायचा. "आली गाडी," आनंदा म्हणत होता. "आली बघ. चुकलं माजं. मारायला नगं हुतं म्या. आयकतुयास का? चुकलं." माफी मागायला आता त्याला काहीच कष्ट पडत नव्हते. ज्ञानदेवची नजर दादाच्या तोंडाकडं नव्हती, उजव्या कोपराकडं होती.

बल्ब मिणमिणला.

उन्हं उतरली होती. गावात दिवे लागायला लागले असावेत. सूर खाली घसरले, भैरूचा ट्रॉम्बोन म्हशीसारखा हंबरला, नालाचा ठोका सावकाश झाला. ठक. मग बऱ्याच वेळानं, ठक. सेलवर चालवावं तर दुसऱ्या यंत्रातले सेल कधीचे संपलेले होते. आनंदानं ट्रम्पेट उचललं. टेप वाजवतेय तेच आपण वाजवायचं, भावाच्या माउथपीसनं, गाडी येईपर्यंत. त्यानं ओठ लावले आणि तो शेवटचा लांब सूर धरला.

छाती हलली. अगदी थोडी, पण हलली.

बल्बची तार तेवढी लाल राहिली होती. त्या उजेडात आनंदाला भिंती दिसल्या. उजव्या भिंतीवरची गोधडी आत ओढली गेली आणि फुगली. डावीकडचीही. दोन्ही एकाच वेळी, संथपणे. मागं माणसं उभी असावीत आणि त्यांच्या तोंडावर कापड असावं, तशी. खिडकीच्या गोधडीतून वारा येत नव्हता, तिच्या चुका त्यानं मोजून जवळ मारल्या होत्या. तो सूर धरून सरकत खिडकीपाशी गेला, एका हातानं गोधडी ओढली. ती निघाली नाही. बल्ब विझला. टेप थांबली.

अंधारात त्याचा एकट्याचा सूर राहिला. तो पुरवून पुरवून फुंकत होता, पण माणसाच्या छातीला तळ असतोच. सूर कापरा झाला, फाटला आणि संपला.

गाडीचा आवाज नव्हता. कुणाच्याच श्वासाचा आवाज नव्हता.

मग खाटेवरून अगदी बारीक आवाज आला, आठ वर्षांच्या पोराचा असावा असा.

"दादा, घेऊ का?"

"घे," आनंदाला म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. शब्दापुरती हवा छातीत नव्हती, आणि आत ओढायला गेला तर आत येईना. तेव्हा त्याला आठवलं की टेपवर सगळ्यांत खाली, पहिल्या थरात, त्याचं स्वतःचं ट्रम्पेट होतं.

"दादा?"

आनंदानं उजवं कोपर उचललं. जेवढं जाईल तेवढं वर नेलं आणि तसंच धरून ठेवलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. खोलीत मिट्ट काळोख होता. खिडकीची गोधडी त्यानं स्वतःच्या हातानं ठोकली होती.